१९७६ ची सी अँड सी २७: अमेरिकेतून कॅनडात आणलेल्या जुन्या बोटीबरोबर एक हंगाम

मे महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या यंग्सटाउनहून घेतलेली बोट ऑक्टोबरच्या मध्यावर पाण्याबाहेर काढली. कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागात राहून पलीकडची, म्हणजे अमेरिकेतली जुनी बोट घ्यावी का, असं या वर्षात चार-पाच मराठी मित्रांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. माझं उत्तर आहे, जरूर घ्या. पण कागद आणि ओल, या दोन गोष्टी स्वतः तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

बोट २७ फुटी, शिडाची, सी अँड सी या कॅनेडियन कंपनीची. ही कॅनडातच, नायगरा-ऑन-द-लेकच्या कारखान्यात बांधलेली. यंग्सटाउन त्या गावाच्या अगदी समोर, नायगरा नदीच्या दुसऱ्या तीरावर आहे. नदीच्या मधोमध सरहद्द. याचा पैशात फायदा झाला: उत्तर अमेरिकेत बनलेल्या बोटीवर सीमाशुल्क लागत नाही.  ओंटारिओ प्रांतातला १३ टक्के विक्रीकर (एचएसटी) मात्र भरावाच लागतो, आणि तो कॅनेडियन डॉलरमध्ये होणाऱ्या किमतीवर. आठ हजार अमेरिकी डॉलरच्या बोटीवर मी सुमारे चौदाशे कॅनेडियन डॉलर भरले. खर्चाचा अंदाज बांधताना ही रक्कम पहिल्यापासून धरा.

आधी ओलीचं सांगतो. मालवणहून बाबांनी फोनवर पहिला प्रश्न केला तो बुडाचा. बूड चांगलं निघालं, दुखणं डेकमध्ये होतं. या बोटींच्या डेकला फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं आणि वरून काही दिसत नाही. सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, प्लास्टिकच्या हातोडीने इंच-इंच ठोकत गेला. फणस पिकलाय का ते आपण वाजवून बघतो ना, तसं. टण, टण, टण... आणि डोलकाठीच्या डाव्या अंगाला एकदम थप्. त्याने हातोडी माझ्या हातात दिली, म्हणाला, तुम्हीच ऐका. दोन हात लांबीचा पट्टा ओला होता. त्याची फी साडेसहाशे डॉलर झाली, पण त्या अहवालावर मालकाने आठशे कमी केले, आणि विमा कंपनीनेही तोच अहवाल मागितला.

आता कागद. न्यूयॉर्कमध्ये १९८७ च्या आधीच्या मॉडेलच्या बोटींना मालकीपत्र मिळतच नाही, फक्त नोंदणी असते. म्हणजे विक्रीपत्र हाच तुमचा मुख्य पुरावा. त्यात बोटीचा बारा अक्षरी हल क्रमांक, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, लिहायचा असतो. तो मागच्या फळीवर, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात कोरलेला असतो. आमच्या बोटीवरची अक्षरं रंगाखाली बुजली होती. कागद ठेवून वरून पेन्सिल घासली तेव्हा कळलं, मालकाने विक्रीपत्रात ८ च्या जागी ३ लिहिलाय. चूक नजरचुकीची होती, पण तशीच राहिली असती तर कॅनडात परवाना काढताना अडकलो असतो. बोटीवर कर्ज नाही असंही त्याच्याकडून लेखी घेतलं. बोट तिथल्या तटरक्षक दलाच्या नोंदीत असेल तर त्यांच्याकडून मालकीचा उतारा मागवता येतो, आपल्या सातबारासारखा. तो जरूर मागवा.

सरहद्दीची भीती सगळ्यांनी घातली होती. प्रत्यक्षात ते काम सगळ्यात सोपं गेलं. कॅनडाच्या सीमाशुल्क खात्याला आधीच फोन करून काय लागेल ते विचारून ठेवलं होतं. नदीच्या मुखाशी, यंग्सटाउनच्या किल्ल्यासमोरून निघालो तेव्हा हवा इतकी स्वच्छ होती की लेक ओंटारिओच्या पलीकडे टोरांटोचा सीएन टॉवर काडीसारखा दिसत होता. मिसिसागातल्या पोर्ट क्रेडिट बंदरापर्यंत तीसेक सागरी मैल, सात तास लागले. कॅनडाच्या बाजूला नेमलेल्या धक्क्याला बोट बांधायची, कप्तानाने एकट्याने उतरून त्याच खात्याला फोन करायचा, परवानगी मिळेपर्यंत बाकीच्यांनी बोटीवरच थांबायचं. कर भरल्याची पावती प्लास्टिकमध्ये घालून बोटीवरच ठेवा. पुढे अमेरिकेत जाऊन परत येताना ती लागू शकते.

इथे आल्यावर परवान्याचा क्रमांक नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना लावला. लाइफ जॅकेटं कॅनडाची मान्यता असलेलीच लागतात, ती नवीन घेतली. कोणी सांगत नाही ती अडचण रेडिओची. त्यात जुन्या मालकाचा अमेरिकी ओळख क्रमांक भरलेला होता. बऱ्याच संचांमध्ये तो एकदा भरला की आपल्याला बदलता येत नाही, संच कंपनीकडे पाठवावा लागतो. संकटात बटण दाबलं तर बचाव पथकाला दुसऱ्याच माणसाचं नाव दिसेल, म्हणून हे टाळू नका. खोली दाखवणारं यंत्र फुटांत होतं आणि आमचा नकाशा मीटरमध्ये. पहिल्याच दिवशी यंत्र मीटरवर नेलं.

वापरात बोट फार गुणी आहे. अठरा नॉट वाऱ्यात मोठं शीड थोडं गुंडाळून लहान केलं की सुकाणू दोन बोटांनी धरता येतं. चौघं सुखाने झोपतो. इंजिन मूळचं, पेट्रोलचं अ‍ॅटॉमिक ४. सुरू करण्याआधी चार मिनिटं पंखा लावून आतली वाफ बाहेर काढायचीच, घाई असली तरी. जुलैत बंदराच्या तोंडाशी ते बंद पडलं. टाकीतला गंज कार्ब्युरेटरमध्ये अडकला होता. शिडावरच आत आलो. दोन्ही मुली त्या वेळी गप्प बसून दोर ओढत होत्या, ते चित्र डोळ्यांसमोरून जात नाही. नंतर टाकी धुतली, नवा फिल्टर बसवला, पुन्हा त्रास नाही.

डेकच्या फिटिंग्ज काढून पाणी अडवणारी चिकट ब्यूटिल टेप घालून पुन्हा बसवल्या, तरी ऑगस्टच्या पावसात डाव्या बिछान्यावर पाणी आलंच. डेकचा तो ओला पट्टा उघडल्याशिवाय सुटका नाही. आता बोट ताडपत्रीखाली आहे. एप्रिलमध्ये थंडी ओसरली की वरचा थर कापून बाल्सा बदलणार. सामानाचे तीनशे डॉलर धरलेत, मजुरी घरचीच.