झाकलेला स्पा: मिठाचा सेल घ्यावा, की क्लोरीन हाताने घालावे?

ऑन्टॅरिओतील किचनर-वॉटर्लू भागात, आमच्या मागील अंगणातल्या दीड हजार लिटरच्या स्पामध्ये (गरम पाण्याच्या टबमध्ये) मी दोन हिवाळे हाताने क्लोरीन घातले आणि त्यानंतरचे तीन हिवाळे मिठाचा सेल, म्हणजे खारट पाण्यातून वीज सोडून क्लोरीन बनवणारे यंत्र, वापरला. दोन्ही पद्धतींनी पाणी उत्तम राखता येते. प्रश्न एवढाच, की कोणती कटकट आपल्याला झेपेल.

हाताने घालणारे बहुधा डायक्लोर या क्लोरीनयुक्त रसायनाच्या दाण्यांनी सुरुवात करतात, कारण ते चटकन विरघळतात आणि पीएच फारसा हलवत नाहीत. त्यांची खोड उशिरा कळते. डायक्लोरमधून 10 पीपीएम (दहा लाख भागांत 10 भाग) क्लोरीन मिळाले की सोबत सुमारे 9 पीपीएम सायन्युरिक आम्ल पाण्यात उतरते आणि तेथेच साचून राहते. उघड्या तलावात ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते. आमच्या स्पावर मात्र दिवसाचे तेवीस तास झाकणच असते, त्यामुळे 20-30 पीपीएमच्या पुढे ते क्लोरीनची धार बोथट करण्यापलीकडे काही करत नाही. रोज 3 पीपीएम क्लोरीन घातले, तर महिन्याकाठी हे आम्ल 80 पीपीएमने वाढते, आणि ते कमी करायला पाणी बदलण्याखेरीज सोपा उपाय नाही.

आमच्यावर ती वेळ जानेवारीत, उणे 18 अंशांत आली. चाचणीत क्लोरीन पुरेसे दिसत होते, तरी पाणी दुधट झाले होते आणि झाकण उचलताच कुबट वास येई. पाणी उपसताना नळी मध्येच गोठली. ती घरात आणून वितळवेपर्यंत रिकाम्या होत चाललेल्या टबच्या पाइपांत बर्फ धरेल, या धास्तीने जीव टांगणीला लागला होता. नवे पाणी 38 अंशांपर्यंत तापायला अख्खी रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. सेल घेण्याचा माझा निर्णय खरे तर त्याच रात्री झाला.

आम्ल 30 पीपीएमपर्यंत पोहोचल्यावर साधे द्रव ब्लीच घालायला घेतले, तर हा प्रसंग टळतो, आणि शिस्तीच्या माणसाला ती पद्धत कदाचित अधिक भावेल. पण ते रोज मोजून घालायला घरात कोणीतरी असावे लागते.

मिठाचा सेल सायन्युरिक आम्लाची भर न घालता क्लोरीन तयार करतो. आमच्या यंत्राला 1750 पीपीएम, म्हणजे सुमारे 2.6 किलो मीठ लागते. ही खारटी समुद्राच्या विसाव्या हिश्श्याइतकी. त्याची तक्रार म्हणजे सतत चढणारा पीएच. दोष मिठाला दिला जातो, पण सेलमधील हायड्रोजनचे बुडबुडे आणि जेटची हवा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात, त्याचा हा परिणाम असतो. अल्कलिनिटी, म्हणजे हा वायू ज्यातून सुटतो त्या बायकार्बोनेटसारख्या क्षारांचे प्रमाण, 100 पीपीएम असताना आमचा पीएच चार दिवसांत 7.4 वरून 8 वर जाई आणि परीक्षानळीतला नारिंगी रंग गडद गुलाबी होई. अल्कलिनिटी 50-60 पर्यंत उतरवून 430 ग्रॅम बोरिक आम्ल घातल्यावर (त्यातून बोरॉन 50 पीपीएम होते) तोच पीएच दहा दिवस टिकू लागला. गाळणी चालू असताना हवेच्या झडपा बंद ठेवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. येथील नळाचे पाणी फार जड (क्षारयुक्त) असल्याने मी निम्मे पाणी सॉफ्टनरचे, म्हणजे जडपणा काढणाऱ्या यंत्रातले, भरतो, अन्यथा सेलच्या पट्ट्यांवर पांढरी पुटे चढतात. दर काही वर्षांनी सेल बदलण्याचा खर्चही धरावा लागतो.

सेलला आपण घरी आहोत की नाही, हे कळत नाही. आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो असताना बंद झाकणाखाली क्लोरीन 10 पीपीएमच्या वर गेले आणि झाकणाचे अस्तर कडक पडले. आता निघण्यापूर्वी मी सेल सर्वांत खालच्या पातळीवर ठेवतो. उलट पाच-सहा पाहुणे एकदम बसून गेले, तर तो तूट लवकर भरून काढू शकत नाही आणि त्या रात्री ब्लीच हातानेच घालावे लागते. रोज इतकी माणसे बसणार असतील, तर माझा सल्ला कदाचित वेगळा असेल. आम्ही मात्र घरात तिघेच आहोत, आणि गेल्या हिवाळ्यात ऑक्टोबरअखेर भरलेले पाणी मी थेट एप्रिलमध्ये, अंगणातला बर्फ वितळल्यावर बदलले.