एनआयएनची थाळी, फ्रिजवरचा बोर्ड आणि महिन्याचं वाणसामान: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, हे कुठलं अॅप नाही आणि विकत घ्यायची वस्तूही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने म्हणजे एनआयएनने मे २०२४ मध्ये आहाराची नवीन मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली, त्यात 'माय प्लेट फॉर द डे' म्हणून दिवसभराच्या खाण्याचा एक तक्ता आहे, फुकट बघायला मिळतो. तो धरून आम्ही घरातलं वाणसामान आणि आठवड्याचा मेनू बसवला, आणि आता सात-आठ महिने सलग तसंच चाललंय म्हणून सविस्तर लिहितेय. आम्ही डोंबिवलीला राहतो, घरात चार मोठी माणसं, मी, हे, कॉलेजला जाणारी लेक आणि सासूबाई. मी आणि हे दोघंही लोकलने नोकरीला जातो, त्यामुळे रोज संध्याकाळी 'आज काय करायचं' हा प्रश्न आणि महिनाअखेर पैशाची ओढाताण, दोन्ही होतं.

तक्त्यात २००० किलोकॅलरीसाठी माणशी रोजचं प्रमाण असं आहे (सगळं कच्चं वजन): धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दाणे-तेलबिया-सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिली. प्रत्येकाची गरज वेगळी असते हे मान्य, सासूबाईंना शुगर आहे त्यामुळे त्यांचं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच चालतं, पण बाजारहाट करायला एक अंदाज म्हणून हे आकडे फार कामाचे निघाले. कारण मी ते चौघांच्या महिन्यावर मांडले. डाळी-कडधान्यं वगैरे मिळून दहा किलो! आमच्याकडे महिन्याला डाळी यायच्या चार किलो, अंडी-मासे धरले तरी दहाच्या आसपास जात नव्हतं. तेल-तूप साडेतीन लिटरच्या आसपास पुरायला हवं, आणि आमचा पाच लिटरचा डबा महिना संपायच्या आत तळाला जायचा. भाजी आठवड्याला अकरा किलो, आम्ही आणायचो जेमतेम सहा-सात. म्हणजे पैसे खर्च होत होते पण तेल, फरसाण, बिस्किटं आणि बाहेरून मागवलेल्या खाण्यावर. हा एक हिशोब वहीत मांडला ना, तिथेच अर्धं काम झालं असं माझं स्पष्ट मत आहे. रेसिपी शोधत बसण्याआधी प्रत्येकाने हा हिशोब करावा.

मग कडधान्यं. प्रोटीन म्हटलं की लोक लगेच पनीर आणि पावडरीच्या डब्याकडे वळतात, पण किलोमागे भाव बघा, अख्खा मसूर, मटकी, चवळी, हरभरा, हुलगे हे सगळं पनीरच्या निम्म्याहून कमी भावात येतं. २०२४ मध्ये तूरडाळ दीडशेच्या वर गेली होती तेव्हापासून आमच्याकडे रोज तुरीचंच वरण हा हट्ट सुटलाय, एक दिवस मूगडाळ, एक दिवस मसूर, कधी तूर आणि मसूर निम्मी-निम्मी, चवीत कुणाला फरक कळत नाही. सोयाबीनच्या वड्या आठवड्यातून एकदा, त्यात १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं, गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळल्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाकल्या की लेक आवडीने खाते.

कडधान्याची खरी अडचण पैशाची नाही, आठवणीची आहे. उसळ उद्या हवी असेल तर मटकी काल रात्री भिजलेली पाहिजे. म्हणून फ्रिजवर छोटा पांढरा बोर्ड लावलाय आणि त्यावर दोनच रकाने, 'करायचं' आणि 'भिजवायचं'. रात्री ओटा आवरताना ज्याचं लक्ष जाईल त्याने भिजवायचं, बहुतेक वेळा हेच भिजवतात. पाव किलो मटकी रात्री भिजत घातली, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोड येतात आणि ती फुगून अर्ध्या किलोच्या वर भरते. थंडीत अजून एक दिवस लागतो, तेव्हा गाठोडं पिठाच्या डब्यांमध्ये उबेला ठेवते. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीन दिवस सहज राहते, त्यातून एक उसळ, एकदा डब्यात कोशिंबीर आणि उरलेली सकाळच्या पोह्यांत. खाताना लिंबू पिळायचंच, कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं सी जीवनसत्त्व उपयोगी पडतं.

भाजीच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची. बोर्डावर मी कधीच 'मेथी' किंवा 'फ्लॉवर' असं लिहीत नाही, नुसतं 'पालेभाजी', 'फळभाजी', 'शेंग' असं लिहिते. कुठली ते बाजारात ठरतं. नाव ठरवून गेलं की त्या दिवशी ती दुप्पट भावाने असली तरी आपण घेतो. माझं ऑफिस दादरला, त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेला स्टेशनबाहेर जे ताजं आणि स्वस्त दिसेल ते घ्यायचं, थंडीत मेथीच्या दोन जुड्या आणि किलो-दोन किलो मटार, आणि लेडीज डब्यात बसायला मिळालं तर घरी पोचेपर्यंत मेथी निवडून होते, शेजारची बाई न सांगता निम्मी जुडी उचलून घेते. पावसाळ्यात पालेभाज्या महागतात आणि चिखलाने भरलेल्या असतात, तेव्हा दुधी, दोडका, घोसाळी, लाल भोपळा. पण पहिल्या पावसानंतर डोंबिवली-कल्याणला स्टेशनबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, फोडशी घेऊन बसतात ती रानभाजी जरूर घ्या, ताजी असते, स्वस्त असते आणि त्यांच्याशी भावावरून घासाघीस करू नका प्लीज. शेवळं मात्र महाग असतात आणि नीट केली नाहीत तर घशाला खाज येते, ती माहितीतल्या माणसाकडूनच शिकून घ्यावीत.

मासे आम्ही आठवड्यातून एक-दोनदा खातो, श्रावण आणि मार्गशीर्षातले गुरुवार सोडून. पापलेट-सुरमईचा नाद सोडला, बांगडा आणि मांदेली घेतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा भाव चढतात, म्हणून मे महिन्यातच सुकट, जवळा भरून ठेवतो. ज्यांना बीपी आहे त्यांनी सुकी मासळी जपून, मीठ भरपूर असतं, निदान दोन-तीन पाण्यांतून काढावी. एनआयएननेही दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या वर नको असंच सांगितलंय.

मोठ्या स्टोअरमध्ये महिन्यातून एकदाच जायचं आणि यादीबाहेर काही नाही. पाकिटावर हल्ली युनिट सेल प्राइस छापलेली असते, म्हणजे ग्रॅममागे किंवा किलोमागे किती पडतं ते, फक्त तेवढंच बघा. एका स्टोअरमध्ये 'फॅमिली पॅक' म्हणून लावलेले शेंगदाणे शेजारच्या अर्ध्या किलोच्या पाकिटापेक्षा किलोमागे महाग पडत होते. आमचा नाक्यावरचा वाणी ज्वारी, दाणे, तीळ सुटे देतो ते कित्येकदा स्वस्त पडतं.

आता जे जमलं नाही ते. दाणे-सुकामेवा माणशी ३५ ग्रॅम म्हणजे चौघांना महिन्याला सव्वाचार किलो, ते बजेटमध्ये बसत नाही, दाण्याचं कूट, जवस-तिळाची चटणी धरून निम्म्यापर्यंत पोचतो. बदाम फक्त सासूबाईंना. फळांत केळी, पेरू, पपई यावरच भर, सफरचंद कधीतरी. गणपतीत आणि दिवाळीत बोर्ड पुसूनच टाकावा लागला, पाहुणे असताना हे काही चालत नाही. आणि सुरुवातीचे दोन महिने घरात कुरकुर झाली, भाकरी रोज नको म्हणून, मग आठवड्यातून तीन दिवस ज्वारी आणि बाकी पोळी यावर तह झाला. शिवाय वेळ लागतो, रविवारचा तासभर वाटणं, कूट आणि चटण्या करण्यात जातो, तो एकट्या बाईच्या डोक्यावर पडणार असेल तर ही पद्धत दोन आठवड्यांत मोडेल, घरात आधी बोलून घ्या.

पैशाचं म्हणाल तर किराणा, भाजी, दूध, मासे-अंडी आणि बाहेरचं खाणं मिळून आमचं महिन्याला पंधरा हजारांच्या वर जायचं, ते आता साडेबारा-तेराच्या घरात आलंय, तेही भाजी आणि डाळी जास्त आणून. तेल चार लिटरच्या आत भागतं. नवीन सुरू करणाऱ्याने एकदम सगळं करू नये, या महिन्याच्या यादीत फक्त दोन किलो कडधान्यं वाढवा, तेल एक लिटरने कमी लिहा आणि बोर्डावर 'भिजवायचं' हा रकाना तेवढा आखा.