चकचकीत काळी टाकी आणि गायब झालेले ४८६ ग्रॅम

पोर्शे ९१४ मध्ये ९११ चं सहा सिलिंडरचं इंजिन बसवणाऱ्या कुणालाही तेलाची टाकी शोधत हिंडावं लागतं. मूळ चार सिलिंडरच्या ९१४ चं साडेतीन लिटर तेल इंजिनाच्या पोटातच राहतं. ९११ चं इंजिन ड्राय संप, म्हणजे नऊ-दहा लिटर तेल वेगळ्या टाकीत. कारखान्यातूनच सहा सिलिंडर घेऊन निघालेल्या ९१४/६ गाड्या सुमारे ३,३०० च, त्यामुळे त्यांच्या जुन्या टाक्यांचे भाव ऐकूनच घाम फुटतो. म्हणून लोक अर्धवट टाक्या घेतात: कवच वळवून जोडलेलं, पण भोकं, बंग (पाइप जोडायला वेल्ड करायचे आट्यांचे तुकडे) आणि तेल हेलकावू नये म्हणून आतले बॅफल पडदे ज्याचे त्याने बसवायचे. यात गैर काही नाही. प्रत्येकाचा एक्झॉस्ट वेगळा, कूलर वेगळा, पाइप वेगळ्या बाजूने येतात.

मी ॲल्युमिनियमचं कवच घेतलं, ७८० डॉलर, कार्डाने. माल खरंच सुबक होता, खोटं कशाला बोलू. तिथेच विश्वास बसला. मग विक्रेत्याचा निरोप आला: फिनिशिंग आमच्याकडूनच करून घ्या, १,१५० डॉलर. त्यात फीडला (तेल इंजिनाकडे नेणारी वाट) एएन-१६ मापाचं फिटिंग, रिटर्नला (परतीची वाट) एएन-१२, व्हेंट, भरायचा गळा, आत ३ मिमीचे दोन पडदे, प्रेशर टेस्ट आणि काळं पावडर कोटिंग. कार्डाऐवजी थेट बँक ट्रान्सफर केलं तर ३ टक्के सूट. मी १,११५.५० पाठवले. साडेचौतीस डॉलर वाचवायला गेलो आणि तक्रारीचा हक्क स्वतःच्या हाताने सोडला.

माझ्याकडे टिग वेल्डिंगचं मशिन नाही, आणि ॲल्युमिनियम जोडणं हे शनिवारी दुपारी शिकायचं काम नव्हे. काम देण्यात चूक नव्हती. ज्याला दिलं त्याचं काम तपासलं नाही, ही चूक. निळ्या मार्करने बंगांच्या जागा आखल्या, फोटो काढले, ५२.३५ डॉलर भरून टाकी परत पाठवली. अकरा आठवड्यांनी आली. चकचकीत काळी, जणू शोरूममधून उचललेली. सोबत 'प्रेशर टेस्टेड' असा सहीशिक्क्याचा कागद. मी विक्रेत्याला अंगठा पाठवला. हो, मोबाइलवरचा तो पिवळा अंगठा. पुढे तोच माझ्याविरुद्ध पुरावा झाला.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून कपाळावर हात मारावासा वाटतो. जाताना कुरिअरच्या पावतीवर वजन होतं ८ पौंड २ औंस. येताना ८ पौंड १३ औंस. बॉक्स तोच, फोम तोच. फरक ११ औंस, म्हणजे ३१२ ग्रॅम. तीन बंग, गळा आणि पावडर यांतच ते संपतं. ३ मिमी ॲल्युमिनियमचा २० बाय १५ सेंटिमीटरचा पडदा २४३ ग्रॅम भरतो, दोन म्हणजे ४८६. ते ४८६ ग्रॅम कुठे आहेत, हा प्रश्न दोन्ही पावत्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेल्या असताना मला पडला नाही. मी कोटिंगमध्ये दिव्याचं प्रतिबिंब बघत बसलो होतो.

पडदे शोभेसाठी नसतात. लांब वळणावर तेल एका भिंतीला चढतं, फीडचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो आणि दाबाचा काटा नाचायला लागतो. रिटर्न टाकीत वरच्या अंगाला, तेलाच्या पातळीच्या वर, भिंतीला स्पर्शिकेत शिरायला हवं, म्हणजे तेल भिंतीवरून गोल फिरत उतरतं आणि त्यातली हवा सुटते. माझ्या आखणीत तसंच होतं. प्रत्यक्षात बंग सरळ खाली, फीडपासून चार बोटांवर. फेस सुटायच्या आत पुन्हा पंपात.

पण इंजिनाचा घात याने झाला नाही. पावडर कोटिंगआधी टाकी ब्लास्ट करतात, म्हणजे वाळू किंवा काचेच्या मण्यांचा मारा करून घासतात, त्या वेळी भोकांना बुचं लावायची असतात. लावली नव्हती. आणि ९११ च्या मूळ मांडणीत फिल्टर परतीच्या वाटेवर असतो: इंजिन, स्कॅव्हेंज पंप (तेल टाकीकडे परत ढकलणारा), फिल्टर, टाकी. टाकीतून तेल सरळ प्रेशर पंपात आणि तिथून बेअरिंगवर जातं, मध्ये गाळणी नाही. म्हणजे टाकीतली वाळू आधी बेअरिंग खाते, मग फिल्टरमध्ये सापडते. पावतीवर 'आतून धुतलेली' असं लिहिलेलं होतं, तरीही मी सॉल्व्हंटने एकदा खळबळून घेतली होती. बंगांच्या आतल्या कडेखाली अडकलेली वाळू एका धुण्याने निघत नाही. थंड असताना काही निघालं नाही, गरम तेलाने सगळं सुटलं. इंजिन पंधरा मिनिटं चालवल्यावर तेल पांढऱ्या सुती कपड्यातून गाळलं, तर कपड्यावर पिठासारखे काचेचे मणी आणि ॲल्युमिनियमचा चुरा. बेअरिंग, पंप, गॅसकेट, मजुरी: ४,३१० डॉलर. एकूण खड्डा ६,२५७.८५.

टाकी घरी आली की पहिलं काम बोरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकावरचा छोटा कॅमेरा. वीस-तीस डॉलरला मिळतो. आत पडदा दिसत नसेल तर तो नाहीच.

साबणाच्या पाण्याची टेस्ट कोटिंगच्या आधी, ०.२ ते ०.३ बारवर, सायकलच्या पंपाने. जास्त दाब द्याल तर सपाट पत्रा फुगेल. कोटिंगनंतरच्या टेस्टला अर्थ नाही, पावडर सुईएवढी छिद्रं बुजवते आणि गरम तेलात ती पुन्हा उघडतात. फोटो मागायचा तो कोटिंगशिवायची उघडी वेल्ड दिसणारा, दाबाचा गेज चढवलेला.

माझ्या पावतीवर फिलर रॉड (जोडात वितळवायची सळई) '५३५६' असा अभिमानाने छापला होता. ६५ अंशांच्या वर सतत गरम राहणाऱ्या जोडाला ५३५६ ची शिफारस नाही. ६०६१ मिश्रधातूच्या बंगाला ४०४३ लावतात. हे मला माहीत होतं, वाचलंही होतं, आणि 'त्यांना कळत असेल' म्हणून सोडून दिलं. धागेही, म्हणजे फिटिंगचे आटे, तपासा: ९११ च्या बऱ्याच मूळ ऑइल लाइनी एम३० बाय १.५ च्या, एएन-१६ चा धागा १ ५/१६ इंच, दर इंची १२. एकमेकांत बसत नाहीत, जबरदस्ती केली तर ॲल्युमिनियमचाच धागा जातो.

आता साहेबलोकांकडे वळू. पोलिसांनी विचारलं, "टाकी मिळाली ना? मग हे दिवाणी." त्यांनी नोंदीत 'पेट्रोलची टाकी' असं लिहिलं. तेलाची आहे म्हटल्यावर दुरुस्तीचा अर्ज दिला, त्या अर्जाला तीन आठवडे. (१९७२ च्या ९११ ला तेल भरायचं झाकण बाहेर, उजव्या अंगाला होतं. पंपावरच्या पोरांनी त्यात पेट्रोल ओतल्याचे किस्से अजून सांगतात, आणि पुढच्याच वर्षी ते झाकण गेलं. तेव्हा हा गोंधळ जुनाच म्हणायचा.) बँक म्हणाली, ट्रान्सफर तुम्हीच मंजूर केलं. कार्डाच्या ७८० बद्दल विचारलं, तर कवच ठरल्याप्रमाणेच मिळालं होतं, शिवाय बिलावर लेखी हरकत घ्यायला कायद्याने ६० दिवस असतात. अकरा आठवडे म्हणजे ७७. फिनिशिंगला इतका वेळ का लागला असेल, ते आता तुम्हीच ठरवा. ऑनलाइन तक्रार पोर्टलवर प्रकार निवडायच्या यादीत 'काम केलंच नाही पण केल्याचं सांगितलं' असा पर्याय नाही. 'इतर' दाबलं, तक्रार क्रमांक आला, पुढे काही नाही. राज्याच्या ग्राहक खात्याने माझं पत्र विक्रेत्याला पाठवलं आणि त्याचं उत्तर मला: ग्राहक समाधानी आहे. सोबत माझ्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट. खात्याने फाइल बंद केली! कॅलिफोर्नियात लहान दाव्यांच्या कोर्टात माणसाला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, पण समन्स बजावायला खरा पत्ता लागतो. पावतीवरचा पत्ता दुसऱ्या राज्यातला, आणि तोही भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. पैसे द्यायच्या आधी तो पत्ता नकाशात टाकून बघा. पाच सेकंदांचं काम आहे.

परवा त्या विक्रेत्याची नवी जाहिरात लागली. 'फिनिशिंगसह' टाकी, २,०५० डॉलर. फोटोतलं कवच अजून कोटिंग न केलेलं आहे, आणि त्यावर फीडच्या जागी निळ्या मार्करचं वर्तुळ आणि शेजारी बाण दिसतो. तो बाण मी काढलेला आहे.