पिग्मीच्या कार्डावर ७२ हजार, खात्यावर ४१ हजार

पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवीचा, एजंट रोज संध्याकाळी दुकानात येतो, दोनशे रुपये घेतो, कार्डावर आकडा लिहून सही करतो. वर्षाने किराणावाला पैसे काढायला पतसंस्थेत जातो, तेव्हा कार्डावर ७२ हजार आणि खात्यावर ४१ हजार. अशा अपहाराची पद्धत बहुतेकदा एकच असते.

सोमवारी किराणावाल्याचे पैसे एजंटाच्या खिशात जातात. मंगळवारी सलूनवाल्याचे पैसे किराणावाल्याच्या नावावर भरले जातात, बुधवारी सलूनवाल्यासाठी पानवाल्याचे. याची टोपी त्याला. खड्डा रोज पुढे ढकलावा लागतो, म्हणून हा माणूस तापातही वसुलीला येतो. लोकांना तो कष्टाळू वाटतो. वर्षभर एकही रजा न घेणारा एजंट संस्थेने आधी तपासावा.

अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अपहाराबद्दल तुरुंगात असलेल्यांशी बोलून १९५३ साली मांडणी केली: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हाताशी असलेली संधी आणि मनाची समजूत. पिग्मीत ही समजूत ठरलेली असते, ‘चोरत नाही, वापरतोय, एक तारखेला भरतो.’ इकडे ग्राहकाला खात्याचा उतारा मागायचीही भीड पडते. पोरगं ओळखीचं, रोज चहा पिऊन जाणारं. पासबुकही त्याच्याकडेच, आणि खात्याला मोबाईल नंबर कधीकधी त्याचाच.

लेखापरीक्षण इथेच फसतं. एजंटाने केलेला भरणा आणि संस्थेची खतावणी, म्हणजे खातेवार हिशेबवही, पैशाला पैसा जुळते, कारण खोट आहे ती ग्राहकाच्या कार्डात. कार्डं थेट ग्राहकांकडून मागवून तारखा ताडून पाहाव्या लागतात. कार्डावर १२ तारखेचे दोनशे, खतावणीत ते १७ ला. पुढच्या महिन्यात हेच अंतर नऊ दिवसांचं झालं, की फिरवाफिरवी वाढते आहे. एजंटाला सक्तीची रजा देऊन त्या लाइनवर, म्हणजे त्याच्या वसुलीच्या रोजच्या फेरीवर, दुसरा माणूस पाठवावा, त्याचा भाऊ किंवा मेहुणा नको.

एजंटाचा जबाब घेताना ‘चोरी’ हा शब्द काढला की तो मिटतो, कारण स्वतःच्या मते तो चोर नसतोच. ‘पूर्ण भरणा शेवटचा कधी जमला होता?’ असं विचारलं की बोलतो. बोलला की नावं, रकमा, तारखा लगेच लिहून सही घ्यावी. संचालक मंडळ इथे हमखास चुकतं: अब्रू जायला नको म्हणून महिन्याची मुदत देतं, वसुलीही चालू ठेवतं. मग तो ती रक्कम त्याच लाइनवरच्या दुसऱ्या दुकानदारांकडून गोळा करून आणतो. वसुली त्याच दिवशी बंद करायची आणि पोलिसांत तक्रार द्यायची. विश्वासाने सोपवलेल्या पैशाच्या अपहारासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ आहे.

ठेवीदारांनी एक लक्षात घ्यावं. पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या नाही. खात्याला आपलाच नंबर जोडा, पासबुक घरी ठेवा आणि दर महिन्याला काउंटरवरून छापील उतारा घेऊन कार्डाशी तारीखवार जुळवा. नुसती शेवटची शिल्लक विचारून हा घोटाळा सापडेलच असं नाही; एजंटाला आधी कुणकुण लागली, तर तो तेवढ्यापुरती ती जुळवून ठेवतो.