खोकल्यासाठी कुंडीत काय लावू, अडुळसा की पानओवा?

जागा एकाच कुंडीची असेल तर मी पानओवाच सांगेन. फांदी तोडून मातीत खोचली की आठ-दहा दिवसांत मुळं धरते, फक्त पाणी जास्त घालू नका, खोड लगेच कुजतं. पान जाड, लुसलुशीत, वर बारीक लव, आणि बोटात जरा चुरगळलं की ओव्याचा वास हाताला कितीतरी वेळ राहतो, तो पानातल्या थायमॉल-कार्व्हाक्रॉल या सुगंधी द्रव्यांचा. सर्दी, पोट गच्च होणं यावर पान चावून खायची पद्धत जुनीच आहे.

अडुळसा मात्र छातीतल्या कफासाठी खरा दमदार. पानं इतकी कडू की शेळीसुद्धा तोंड लावत नाही, म्हणून तर रस मधातून देतात. त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरूनच पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध आलं! पण झुडूप माणसाच्या उंचीच्या वर जातं, कुंडीत सारखी छाटणी लागते, आणि कृपा करून गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, गर्भाशय आकुंचन पावू शकतं. अंगण असेल तर कुंपणाला अडुळसा लावाच. खोकल्यातून रक्त आलं किंवा दोन-तीन आठवडे तो थांबलाच नाही तर दोन्ही पानं बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.