हॅरो की कोलिंडेल?

लंडनच्या वायव्येला घर शोधणारं मराठी कुटुंब बहुधा आधी हॅरोकडे वळतं. आम्हीही वळलो. दोन वर्षं तिथे भाड्याने काढली, मग कोलिंडेलला आलो आणि इथेच फ्लॅट घेतला. दोन्हीकडचे हिवाळे बघितलेत, त्या भरवशावर लिहितोय. प्रत्येकाची गरज वेगळी असते, हे धरूनच वाचा.

रोजच्या प्रवासाला हॅरो सरस आहे. भुयारी रेल्वेच्या मेट्रोपॉलिटन लाइनचे डबे थंडगार, मध्य लंडनमधलं बेकर स्ट्रीट बघता बघता येतं. कोलिंडेलची नॉर्दर्न लाइन जुलैत अक्षरशः उकडून काढते. पण मध्य लंडनमधल्या तिच्या दोन्ही फाट्यांच्या, म्हणजे बँक आणि चॅरिंग क्रॉस या स्टेशनांकडे जाणाऱ्या, गाड्या मिळतात, त्यामुळे माझं ऑफिस बदललं तेव्हा घर बदलावं लागलं नाही. 2024 मध्ये सहा महिने बंद ठेवून स्टेशनही नवं बांधलंय. मेथी-कढीपत्ता हॅरोत पायी मिळायचा, आता बसने किंग्जबरीला जातो. एवढाच फरक.

खरा फरक घरांमध्ये आहे आणि त्याचं मूळ जुन्या विमानतळात. सुरुवातीच्या काळातला इंग्लिश वैमानिक क्लॉड ग्रॅहम-व्हाइट याचा हेंडन एरोड्रोम इथलाच. 1911 च्या सप्टेंबरमध्ये विमानाने टपाल इथूनच विंडसरला गेलं होतं. पुढे हा एरोड्रोम हवाई दलाकडे गेला. 1968 मध्ये विमानं उडायची थांबली आणि शहरात एवढी मोठी सपाट, सलग जमीन मोकळी झाली. तिच्यावर आधी ग्रॅहम पार्क ही कौन्सिलची (स्थानिक पालिकेची) वसाहत आली, नंतर उंच इमारती. म्हणून या पट्ट्यात बघाल तिथे फ्लॅटच. हॅरोत मात्र दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली जोडघरं, मागे बाग, बागेत सफरचंदाचं झाड. बाग हवीच असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आमचं हॅरोचं घर तसंच होतं. दिसायला देखणं, पण ऑक्टोबर लागला की ओल धरायचं. धुतलेले कपडे घरातच वाळवायचे, सकाळी खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळायचं, चौकटीला ठेवलेला टॉवेल पिळावा लागायचा. घरमालक म्हणायचे, खिडक्या उघड्या ठेवा. बाहेर दोन डिग्री असताना ठेवल्याही. एका जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी बायकोने कपाटातून पैठणी काढली, तर पदराच्या मोरांवर पांढुरकी बुरशी आणि सगळ्या साडीला कुबट वास. लग्नातली पैठणी होती, तिच्या आईने येवल्याहून आणलेली. कपाट पुढे ओढलं तर मागची भिंत गुडघ्यापर्यंत काळी. त्याच भिंतीला लागून मुलाचा पलंग होता आणि तो नोव्हेंबरपासून खोकत होता. खोकला ओलीनेच होता असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री आम्ही त्याला हॉलमध्ये झोपवलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरं बघायला लागलो.

कोलिंडेलच्या फ्लॅटमध्ये दोरीवरचे कपडे रात्रीत वाळतात. पापडाचा डबा चार महिने कुरकुरीत राहतो. माझ्यापुरतं मोजमाप तेच.

याची किंमत सर्व्हिस चार्जच्या, म्हणजे इमारतीच्या देखभालीच्या वर्गणीच्या, रूपाने मोजावी लागते, ते लपवण्यात अर्थ नाही. आमचा दरवर्षी वाढलाय. गरम पाणी आणि हीटिंग इमारतीच्या सामाईक यंत्रणेतून येतं, म्हणजे दर पटला नाही तरी कंपनी बदलता येत नाही. फ्लॅट पसंत पडला तर आधी मागच्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब मागा. लीज, म्हणजे फ्लॅटचा भाडेपट्टा, किती वर्षांची उरली आहे तेही विचारा.

शिवाय जुन्या धावपट्टीच्या कडेला हवाई दलाचं संग्रहालय आहे, प्रवेश फुकट. पावसाळी रविवारी मुलाला घेऊन पायी जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बरच्या पोटाखाली उभा राहून तो दर वेळी नाकाखाली एकेका मोहिमेसाठी रंगवलेले बॉम्बचे शिक्के मोजायला लागतो आणि शंभराच्या अलीकडेच त्याचा आकडा चुकतो.

हॅरोतली काही जोडघरं नीट दुरुस्त केलेली, कोरडीठाक असतीलही; आमच्या वाट्याला आलं नाही. बघायला जाल तेव्हा शक्यतो जानेवारीत जा, बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट थोडं पुढे ओढायची परवानगी मागा आणि मागे हात लावून बघा.