जुन्या संगणकावर विंडोज ११ की लिनक्स मिंट? वाचनालय, शाळा आणि छापखान्यासाठी एक तुलना

आमच्या गावच्या वाचनालयात देणगीतून आलेले आठ संगणक आहेत. चौथ्या पिढीचा इंटेल आय-थ्री प्रोसेसर, चार जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे अपडेट थांबवले आणि कार्यकारिणीच्या बैठकीत विषय आला. एक सभासद म्हणाले, वर्गणी काढून नवे संगणक घेऊ. दुसरे म्हणाले, कोपऱ्यावरचा दुकानदार जुन्या मशीनवरही ११ टाकून देतो. मी लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या दुसऱ्या प्रणालीचं, नाव काढलं आणि बैठक तासभर लांबली. त्या तासात जे बोलणं झालं आणि पुढच्या काही महिन्यांत जे हाताने करून पाहिलं, ते इथे मांडतो आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: वाचनालय आणि शाळेने लिनक्स मिंट ही लिनक्सची तयार आवृत्ती घ्यावी. छापखान्याने आणि हिशेबाच्या कार्यालयाने सगळं एकदम बदलू नये.

मशीन काय म्हणतं?

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचाच प्रोग्रॅम चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, आणि आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीचा संगणक कितीही ठणठणीत असला तरी अधिकृतपणे बाद. टीपीएममागचं कारण खोटं नाही. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या त्या चिपमध्ये सुरक्षित राहतात. पण वाचनालयात बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्या आणि भरतीचा अर्ज भरणाऱ्या मुलाला त्या चिपअभावी चालू संगणक भंगारात द्यावा लागणं मला पटत नाही.

दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो तेव्हा तो या अटी चुकवून टाकतो. चालतंही ते. मात्र अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. आणि अनेकदा त्यासोबत परवान्याचा चोरीचा क्रमांक येतो, ती वेगळीच भानगड. सार्वजनिक संस्थेने तरी तो रस्ता धरू नये.

तिसरी वाट म्हणजे विंडोज १० वरच थांबणं. घरगुती संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट वाढवून दिले आहेत. त्यासाठी ३० डॉलर भरायचे किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर आपल्या सेटिंग चढवून ठेवायच्या. हे उसनं घेतलेलं एक वर्ष आहे. विचार करायला वेळ हवा असेल तर घ्या, पण तो निर्णय नव्हे.

मिंटची गरज २ जीबी रॅमची, आणि ४ जीबी असली की बरं चालतं. आम्ही एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती निवडली. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. एक सल्ला कळकळीने देतो: काहीही टाका, पण जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. आमच्या संगणकांचा निम्मा म्हातारपणा त्या डिस्कमध्येच होता.

फुकट आणि मुक्त

बैठकीत सगळ्यात जास्त वेळ या शब्दाने खाल्ला. "फुकटचं ते कितपत टिकणार?" असं एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं. इंग्रजीत दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे तिकडच्या लोकांना चाळीस वर्षं खुलासे करत बसावं लागलं. आपल्याकडे फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, मग आपण हा घोळ का घालावा?

या चळवळीची सुरुवात एका प्रिंटरपासून झाली असं सांगतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन काम करत. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की लोकांना निरोप जावा अशी सोय त्यांनी त्याच्या प्रोग्रॅममध्ये करून ठेवली होती. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, तो मूळ कोडशिवाय, म्हणजे प्रोग्रॅम कसा लिहिला आहे ते न दाखवता. कागद अडकत राहिला आणि दुरुस्ती करता येणारा माणूस समोर असूनही काही करता येईना. १९८३ मध्ये त्यांनी पूर्णपणे मुक्त प्रणाली तयार करण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅम हव्या त्या कामासाठी चालवावा, तो कसा चालतो ते बघून बदलावा, त्याच्या प्रती वाटाव्यात, बदललेल्या प्रतीही वाटाव्यात, हे चार हक्क म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. १९९१ मध्ये लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्या वर्षी तो याच विचाराच्या जीपीएल परवान्याखाली आणला. या चार हक्कांत पैशाचा उल्लेखच नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकायलाही परवानगी आहे.

विंडोज ११ बद्दल माझा मुख्य आक्षेप किमतीचा नाहीच. होम आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. संगणक माझा, वीजबिल माझं, आणि आत शिरायला नाव दुसऱ्याच्या वहीत नोंदवायचं. वाचनालयासारख्या जागी, जिथे कोण काय वाचतं हे कुणी विचारू नये, तिथे हे मला खटकतं.

मराठीचं काय?

खरी अडचण इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, वापरून मराठी लिहायचं असेल तर दोन्हीकडे काम सारखंच होतं. भारतीय लिप्यांसाठीचा इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्येही आहे आणि मिंटमध्येही. फॉन्टच्या बाबतीत मुक्त बाजू श्रीमंत आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेला 'मुक्त', राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा', रेड हॅटने आणलेले 'लोहित', गूगलचे 'नोटो' असे फॉन्ट कुणालाही वापरता येतात. एमएस ऑफिसच्या जागी वापरता येणाऱ्या लिब्रे ऑफिसचे मेनू मराठीत दिसतात, फायरफॉक्स ब्राउझरचेही. हे मराठीकरण बऱ्याच अंशी स्वयंसेवकांनी रात्री जागून केलेलं आहे. एखादा शब्द चुकीचा वाटला तर तो सुधारण्याचा रस्ता तुम्हालाही खुला आहे. बंद सॉफ्टवेअरमध्ये आपण फक्त सूचना पाठवतो.

पण छापखान्यात गेलं की चित्र पालटतं. तिथे मराठी टायपिंगची श्रीलिपी आहे, ती चालू होण्यासाठी संगणकाला जोडायचं डोंगल आहे, पानं जुळवायला २००१ सालचा पेजमेकर ७.० आहे, चित्रांसाठी कोरल ड्रॉ आहे. यातलं काहीही लिनक्सवर थेट चालत नाही. शिवाय वीस-पंचवीस वर्षांचं काम युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये अडकलेलं असतं. तिथे 'क' च्या जागी संगणकाच्या दृष्टीने 'क' नसतोच, एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला 'क' चा मुखवटा चढवतो. फॉन्ट काढला की स्मरणिकेचा, दिवाळी अंकाचा, लग्नपत्रिकेचा नुसता चिवडा उरतो. आमच्या वाचनालयाची १९९८ पासूनची वार्षिक अहवालांची फाइल अशीच होती. ती ज्या दुकानातून करून घेतली होती ते बंद झालं, फॉन्ट सोबत गेला. शेवटी कागदावरचे अहवाल समोर ठेवून दोन मुलींनी पुन्हा टाइप केले.

विंडोज की लिनक्स हा प्रश्न यापुढे लहान ठरतो. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये आहे का, आणि फाइलचा साचा उघड आहे का, हे आधी पाहा. ओपन डॉक्युमेंट हा साचा २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ठेवलेली फाइल वीस वर्षांनी उघडायची झाली तर ती कशी वाचायची याचा तपशील जगजाहीर असेल. विंडोजवर राहणार असाल तरी लिब्रे ऑफिस टाकून ही सवय आजच लावता येते.

त्याचा त्रासही सांगतो. दुसऱ्याने वर्डमध्ये केलेली, कोष्टकांनी भरलेली मराठी फाइल लिब्रे ऑफिसमध्ये उघडली की पानं सरकतात, ओळी तुटतात. पंचायत समितीला जायचा तक्ता असेल तर जीव टांगणीला लागतो. आम्ही नियम केला: बाहेर जाणारं सगळं पीडीएफ.

टॅलीबद्दल दोनच वाक्यं पुरेत. टॅलीची लिनक्स आवृत्ती नाही, आणि जीएसटीचं ऑफलाइन रिटर्नचं साधनही विंडोजसाठी केलेलं आहे. ज्याचं पोट त्यावर आहे त्याने त्या एका मशीनवर विंडोज ठेवावी, त्यात कमीपणा नाही.

"पोरांना नोकरी कशी मिळेल?"

हा प्रश्न शाळेतल्या प्रत्येक पालकाचा असतो. आपल्याकडे एमएस-सीआयटीच्या निमित्ताने लाखो लोकांनी संगणक पहिल्यांदा पाहिला तो विंडोज आणि एमएस ऑफिसच्या रूपात. त्यामुळे संगणक शिकणं म्हणजे ते मेनू पाठ करणं असं मनात बसलं. त्या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांत संगणक पोचवला हे मी मानतो. पण केरळकडे बघा. तिथे २००१ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये स्टॉलमन यांच्या उपस्थितीत भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाची सुरुवात झाली, आणि काही वर्षांत सरकारी शाळांच्या आयटी विषयाचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आलं. हे एका रात्रीत झालं नाही. शिक्षकांना शिकवलं गेलं, शाळेच्या गरजेची लिनक्स आवृत्ती राज्यातच तयार झाली, पुस्तकं तिच्यावर बेतली. केरळची मुलं नोकरीत मागे पडली असं कुणी म्हणणार नाही. ज्याला एका प्रोग्रॅममध्ये तक्ता करता येतो तो दुसऱ्यात दोन दिवसांत करतो. बटणाची जागा बदलते, बेरीज तीच राहते.

शाळेसाठी मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलाने घरी नेऊन तेच सॉफ्टवेअर टाकलं तर तो गुन्हा ठरत नाही. शिकवायचं एक आणि चोरी करायला लावायचं दुसरं, हे वर्षानुवर्षं आपण निमूटपणे केलं.

कुणावर विसंबायचं?

लिनक्सवाले सुरक्षेच्या गप्पा मारताना एक गोष्ट दडवतात, ती इथे मांडतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या लहानशा, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असलेल्या प्रोग्रॅममध्ये चोरदरवाजा सापडला. तो प्रोग्रॅम मुख्यतः एकच थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. कुणीतरी दोनेक वर्षं मदतनीस म्हणून त्याचा विश्वास कमावला आणि मग विष कालवलं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्याला खटकलं, म्हणून तो खोलात गेला. तो नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. कोड उघडा होता म्हणून त्याला खोलात जाता आलं, हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की साऱ्या जगाचा भार एका माणसाच्या फावल्या वेळावर टाकलेला होता. मिंट वापरणार असाल तर नवीन संगणकाचे वाचलेले थोडे पैसे त्या प्रकल्पाला देणगी म्हणून द्या. आमच्या वाचनालयाने ठराव करून तसं ठरवलं आहे.

दुसऱ्या बाजूचा धोका जुलै २०२५ मध्ये सगळ्यांना दिसला. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने गुजरातमधली रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या ईमेल आणि इतर सेवा बंद केल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. पैसे भरलेले होते, भारतीय कायदा मोडलेला नव्हता, तरी दार बाहेरून बंद झालं. एवढ्यावरून घरच्या संगणकावर लिनक्स टाकलं की सुटलो असं मात्र समजू नका. तुमची मेल आणि फाइली कुणाच्या सर्व्हरवर आहेत, त्याची प्रत तुमच्या कपाटात आहे का, हे वेगळे प्रश्न आहेत.

म्युनिक शहराचा दाखला दोन्ही बाजूचे लोक देतात. २००३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत पंधराएक हजार संगणक बदलले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. विरोधक म्हणतात, बघा फसलं. माझ्या मते दहा वर्षं शहर लिनक्सवर चाललं हीच साक्ष आहे, आणि सत्ता बदलली की धोरण बदलतं हा धडा. जर्मनीतल्याच श्लेसविग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये तीस हजार संगणकांसाठी लिब्रे ऑफिस आणि पुढे लिनक्सचा मार्ग धरला. वाचनालयातही तेच होईल: आज मी आहे, उद्या नसेन. म्हणून मांडणी लिहून ठेवा आणि किमान दोघांना शिकवा.

आम्ही काय केलं

सात संगणकांवर मिंट, एकावर विंडोज. तो एक का राहिला, तर आमच्या जुन्या लेझर प्रिंटरमुळे. त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) काही केल्या नीट बसेना, आणि आतलं काही दुरुस्त करावं तर कोड बंद. एमआयटीतल्या त्या प्रिंटरची गोष्ट मला त्या दिवशी खरी कळली. आता सात जणांनी पीडीएफ करून त्या आठव्याकडे पाठवायची आणि तिथून छापायची. पुढचा प्रिंटर घेताना आधी लिनक्सवर चालतो का ते विचारून घेणार आहोत.

तुम्ही ठरवण्याआधी एक दुपार काढा. मिंटची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर घ्या, संगणक तिच्यावरून चालू करा. डिस्कवर काहीही न टाकता पूर्ण मिंट समोर येतं. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, मराठी टाइप होतं का, इतकं बघा. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढून टाका, जुनं सगळं जागच्या जागी असेल. आणि आवडलं तर फॉरमॅट मारायच्या आधी जुन्या फॉन्टमधली प्रत्येक फाइल विंडोजवरच उघडून तिची पीडीएफ करून ठेवा. आमचे अहवाल पुन्हा टाइप करायला त्या दोन मुलींना चार महिने लागले.